मागून येणारं आमेन

दयारामनं प्रार्थनेला डोळे मिटले की चुलीवर भात चढवावा आणि त्यानं उघडले की उतरवावा, अशी माणखारच्या ख्रिस्ती घरांत थट्टा चाले. खोटी नव्हती. माणूस एरवी मोजकं बोलणारा, पण देवापुढं उभा राहिला की भरतीच्या पाण्यासारखं त्याचं बोलणं चढत जाई. आधी सरकारसाठी, मग पावसासाठी, मग आजाऱ्यांसाठी, परगावी गेलेल्यांसाठी, गाभण म्हशींसाठीसुद्धा. मधूनमधून तो श्वास घ्यायला थांबे, आणि तो थांबला की सतरंजीवर बसलेली सगळी मंडळी एका सुरात म्हणे, "आमेन." म्हणजे, तसंच होवो. काय होवो, हे ऐकायची कुणाला गरज वाटत नसे. तो थांबला की म्हणायचं. पोरांना पाय फुटायच्या आधी हे जमत असे.

सगळ्यांत खणखणीत आमेन सोनूबाईचं. ती दयारामची बायको. नवऱ्याच्या प्रार्थनेला बायकोचंच आमेन बारीक पडलं तर लोक काय म्हणतील, असा तिचा साधा हिशेब होता.

माणखार हे धरमतरच्या खाडीकाठचं गाव. गाव म्हणजे बांधाच्या आतली भातजमीन आणि बांधाबाहेरचं खारं पाणी यांच्यातला जुना तंटा. बांध आहे तोवर भात. बांध गेला की पुढं कित्येक वर्षं तिथं धड गवतही उगवायचं नाही. म्हणून बांधाचे वाटे पडलेले होते. पावसाआधी प्रत्येक घरानं आपल्या वाट्यावर ताजा चिखल चढवायचा, खेकड्यांची बिळं बुजवायची. यात हिंदू-ख्रिस्ती असा भेद नव्हता. मिशनच्या काळात काही घरांतल्या आजे-पणज्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी चिखल तोच राहिला. रविवार तेवढा वेगळा झाला.

स्वातंत्र्य मिळून दहा-अकरा वर्षं झाली असतील. त्या साली दयारामचा धाकटा भाऊ हिरामण कौलं वाहणाऱ्या मचव्यावर, म्हणजे शिडाच्या गलबतावर, मुंबईच्या खेपा करत राहिला आणि पाऊस तोंडावर आला तरी परतला नाही. दोघा भावांचे वाटे बांधावर शेजारी-शेजारी. दयाराम आपला चिखल चढवायचा आणि भावाच्या कोरड्या, भेगाळलेल्या वाट्याकडं बघून दात-ओठ खायचा. हिरामण आला तेव्हा पाऊस लागला होता, आणि भर पावसात नवा चिखल बांधावर ठरत नाही. "पुढल्या साली दुप्पट लावीन, दादूस," असं तो हसत हसत म्हणाला. त्या हसण्यानंच घात केला. त्यानं मान खाली घातली असती तर दयाराम चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण दयाराम पडला ख्रिस्ती मंडळीचा पंच. अलिबागचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. बाकीचे रविवार यानंच उपासना चालवायची. त्याला शिवी देण्याची सोय नव्हती. शिवी पोटात राहिली, आंबली, आणि श्रावणातल्या एका रविवारी प्रार्थना होऊन बाहेर पडली.

"हे दयालू बापा, ज्यानं आपल्या वाट्याचा काम केला न्हाय, त्याचा बांध तू पाड. पडल्याबिगर त्याचे डोले उघडनार न्हाईत." इतकं बोलून तो श्वास घ्यायला थांबला.

"आमेन," मंडळी म्हणाली.

सोनूबाईही म्हणाली, नेहमीसारखी खणखणीत. खरं सांगायचं तर त्या वेळी ती घरी उघड्यावर राहिलेल्या कोलंबीचा आणि शेजारच्या मांजरीचा विचार करत होती.

नारळी पौर्णिमेच्या उधाणाला, दुपारच्या भरतीला, बांधाला खांड पडली. नेमकी हिरामणच्या वाट्यात. बैलगाडी आरपार जाईल एवढं भगदाड. पाणी आधी हिरामणच्या भातात शिरलं, मग दयारामच्या, मग शेजारच्या कृष्णाबाईच्या, मग अर्ध्या गावाच्या. देवानं मागणं ऐकलं असेल, तर शेतं कुणाची ते मात्र विचारलं नव्हतं.

माणसं बांधावर धावली. त्या गर्दीत मंडळीतला तुकाराम उभा होता. त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. तो म्हणाला, "पंचांनी मांगला, तसाच झाला का न्हाय?" ज्यांनी रविवारी डोळे मिटून आमेन म्हटलं होतं त्यांना आत्ता, पाण्याच्या आवाजात, ते मागणं शब्द न् शब्द आठवलं. सोनूबाईलाही. कानाच्या उंबऱ्यावर इतके दिवस बसून राहिलेले शब्द त्या क्षणी आत आले. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. दयारामचं तोंड किंचित उघडं होतं. त्यानं ते मिटलं, आणि त्यानंतर उघडलं ते फक्त जेवायला.

दयारामनं बोलणं टाकलं. मीठ हवं असलं तर तो वाडग्याकडं बोट करी. म्हशीला हाक मारायची तर काठी आपटी. सोनूबाईचं चिडून झालं, विनवून झालं, रडून झालं. "अवो, नुसता व्हय तरी म्हना," ती म्हणे. तो मान हलवी. आपल्या तोंडातून आता काय निघेल आणि काय खरं होईल याची त्याला धास्ती बसली होती, हे तिला कळत होतं. पण कळून करायचं काय?

कृष्णाबाईनं तिला बाजूला घेतलं. कृष्णाबाई हिंदू, पण दोघींची परसदारं एक आणि भांडणंही जुनी, म्हणजे घरचीच बाई.

"त्याची जीभ बघ," ती म्हणाली. "काला तील असंल. काल्या जिभेचा मानूस बोलला का खरा होतो."

"आमच्यात तसा काय नसतो."

"नसतो कसा? आमच्या घरात वायट बोलला तर वास्तू तथास्तु म्हनते, म्हनून आमी शुभ बोलतो. तुमच्यात वास्तूची गरजच न्हाय. तुमीच सगली मिलून तथास्तु म्हनता."

दुपारी दयाराम तोंड उघडं टाकून झोपला तेव्हा सोनूबाईनं खरोखरच वाकून त्याच्या तोंडात पाहिलं. जीभ गुलाबी होती, चांगली धडधाकट. तिला हायसं वाटलं, आणि लगेच भीती वाटली. तीळ असता तर दोष तिळाचा झाला असता. आता तो कुणाचा?

रविवारी पाळकसाहेब आले. रेव्हरंड दिनानाथ हा सज्जन माणूस. धरमतरहून चिखल तुडवत, चपला हातात घेऊन येई. सोनूबाईनं उपासनेआधीच त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं.

"बाई, प्रार्थना म्हणजे मंत्र नव्हे," ते म्हणाले. "देव काही आपला गडी नाही, हाक मारली की धावायला. चिखल लावला नव्हता म्हणून बांध फुटला."

"पन साहेब, चिखल तर आनिक दोन घरांनी लावला नव्हता. त्यांचा ऱ्हायला की उभा."

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. "मग ते देवालाच माहीत."

"आनि मागल्या खेपेला तुमीच सांगितलात, जगवनं आनि मारनं दोनी जिभेत हाय म्हनून."

"सांगितलं," ते म्हणाले. "तेही खरंच आहे. दोन्ही खरी कशी, हे मला नीट सांगता येत नाही, सोनूबाई. सांगता आलं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, पण प्रामाणिकपणानं डोक्यातला गुंता सुटत नाही.

उपासनेत त्यांनी प्रार्थना केली. साधी, सरळ, कुणाला खुपणार नाही अशी. गावाला शांती मागितली आणि ते थांबले. कुणी काही बोलेना. एरवी झोपेतही आमेन म्हणणारी मंडळी ओठ घट्ट आवळून बसली होती. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडून बघितलं. मग त्यांनी स्वतःचं आमेन स्वतःच म्हटलं. शांतीलासुद्धा हो म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. न जाणो, शांतीतून काय निघायचं!

तिकडं खांड तशीच होती. उधाण ओसरून भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे दिवस आले होते. हेच दिवस हाताशी. पिठोरी अमावास्येला पाणी पुन्हा चढणार. त्याआधी खांड बुजली तर पावसाच्या पाण्यानं खार धुऊन निघेल, थोडंफार भात उभं राहील. नाही बुजली तर सगळं भात आडवं. गावानं खुंट ठोकले, पेंढा टाकला, ओहोटीला ओळ धरून चिखलाचे गोळे हातोहात दिले. पण ओळीला ताल लागतो. एकानं बांधावर उभं राहून "घेऽऽ" म्हणून हाळी द्यायची, ओळीनं "देऽऽ" म्हणायचं, आणि त्या तालावर गोळा पुढं सरकायचा. ही हाळी वर्षानुवर्षं दयारामची. दुसऱ्या दोघा-तिघांनी देऊन पाहिली. कुणाची घाईची, कुणाची रडकी. गोळे हातातून निसटले, वेळ गेला, आणि अर्धवट काम भरतीनं नेलं.

मग लोक बोलायला लागले. "ज्या तोंडानं शाप दिला त्याच तोंडानं उःशाप पायजे. त्याबिगर चिखल ठरनार न्हाय." ख्रिस्ती घरांतूनही हेच, फक्त जरा हळू आवाजात.

सोनूबाई उकिडवी बसून तांदूळ निवडत विचार करी. प्रार्थना म्हणजे मंत्र नव्हे, असं पाळकसाहेब म्हणाले; म्हणजे शाप नाही, म्हणून उःशापही नाही. बरं. बोलण्यानं काही होत नाही, असं धरू. मग रंगूचं काय? त्यांची मुलगी रंगू लहान असताना तापानं फणफणली होती. वैद्यानं हात टेकले होते. दयाराम खाटेशी उभा राहून मागत राहिला, ही आमेन म्हणत राहिली, आणि पोरगी डोळे उघडून पेज मागू लागली. आज ती रेवदंड्याला सुखानं नांदत होती. त्या दिवशीचं आमेन खरं आणि बांधाच्या वेळचं खोटं, असं म्हणायला तिची जीभ रेटेना. पोर आमेननं वाचली असेल, तर बांधही आमेननंच फुटला. बांध नुसता पाण्यानं फुटला असेल, तर पोर कशानं वाचली? एक सोडायला जावं तर दुसरं हातातून जात होतं. तांदळातले खडे तिनं दोनदा तांदळातच टाकले.

शेवटी ती उठली आणि दिराच्या घरी गेली. बांध फुटल्या दिवसापासून तिथं पाऊल टाकायला तिला तोंड नव्हतं. हिरामण ओटीवर जाळं पुढ्यात घेऊन बसला होता, विणत मात्र काही नव्हता. त्याची बायको कमळ दाराशी आली.

"भावजी," सोनूबाई उभ्याउभ्याच म्हणाली, "तुमच्या दादांनी तुमचा वायट मांगला. आनि म्या आमेन म्हटला. सगल्यांत मोठ्यानं म्हटला. कोलंबीच्या नादात म्हटला, पन म्हटला. मना माफ करा, न्हायतर करू नका, पन सांगा काय तो."

कमळनं पदराला हात पुसले. "बाय, आमेन तर म्या बी म्हटला. माजा ध्यान लेकराकडं व्हता."

मग हिरामण म्हणाला, "आनि म्या न्हाय म्हटला? मागं बसलो व्हतो. म्या बी म्हटला."

"तुमी? तुमी आयकला न्हाय काय मांगतान ते?"

"न्हाय. दादूसचा आवाज आयकला का माजे डोले मिटतान. ल्हानपनापासून तसाच हाय. काय मांगतो तिकडं ध्यान म्या देतच न्हाय." तो हातातल्या जाळ्याकडं बघत म्हणाला, "तो माजा वायट मांगंल, असा मना कदी वाटलाच न्हाय, वयनी."

सोनूबाईला रडू फुटलं. राग आला असता तर ती सोसून गेली असती. हे तिला सोसेना. घरी येऊन तिनं जेवणाऱ्या दयारामपुढं बसकण मारली आणि हिरामणचे शब्द, जसे होते तसे, त्याला सांगितले. दयारामचा हात भातात राहिला. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळलं, ताटात पडलं. तो उठला, हात धुतला आणि परसात पाठ करून उभा राहिला. सोनूबाईला वाटलं, आपण सांगितलं हे बरं केलं की आणखी एक घाव घातला? तेही तिला कळेना.

अमावास्या जवळ आली. ओहोटीची शेवटची धड वेळ उरली त्या दिवशी सकाळी सगळा गाव खांडीवर उतरला. दयारामही आला, पण वर हाळीच्या जागी न जाता ओळीच्या टोकाला, गोळे उचलणाऱ्यांत उभा राहिला. हिरामण खांडीत, कमरेएवढ्या चिखलात, खुंटांना पाठ लावून उभा होता. शेवटचा गोळा त्यानं झेलायचा आणि बसवायचा. ओळ लागली. हाळीच नाही. माणसं एकमेकांकडं आणि मग दयारामकडं बघू लागली. दूर खाडीत पाणी फिरायला लागलं होतं.

सोनूबाईला राहवेना. ती ओळीतून पुढं झाली. बायकांनी चारचौघांत प्रार्थना करायची रीत नव्हती. तिनं डोळेही मिटले नाहीत. मिटायची आता भीतीच वाटत होती. "देवा," ती मोठ्यानं म्हणाली, "आमी काय काय बोललो ते तुना म्हायती. त्यातला तू कोनता आयकलास, आमाला कलत न्हाय. आमचा ह्यो बांध राहू दे." आणि ती थांबली.

कुणी आमेन म्हणेना. तुकारामसुद्धा बोटांनी चिखल कोरत उभा राहिला. सोनूबाई त्या शांततेत उघडी पडल्यासारखी उभी होती. स्वतःचं आमेनही तिच्या ओठांवर येईना.

तेवढ्यात खांडीतून हिरामण ओरडला, "आमेन, दादूस!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. तो वयनीकडं बघतच नव्हता. ओळीच्या त्या टोकाला, भावाकडं बघत होता.

"म्या आदीच म्हनून ठेवला," हिरामण म्हणाला. "आता तुना काय मांगायचा तो मांग."

दयारामच्या हातातला गोळा खाली पडला. तो ओळ सोडून बांधावर चढला, हाळीच्या जागी गेला. इतक्या दिवसांच्या बंद तोंडातून आधी नुसती हवा निघाली, मग खरड, आणि मग तो आवाज. पण प्रार्थना नव्हती. ना सरकार, ना पाऊस, ना गाभण म्हशी.

"घेऽऽ!"

"देऽऽ!" सगळी ओळ म्हणाली, हिंदू आणि ख्रिस्ती, आणि पहिला गोळा हिरामणच्या हातात जाऊन बसला.

पाणी चढेपर्यंत हाळी थांबली नाही. अमावास्येचं उधाण आलं, बांधाच्या माथ्याशी लागलं, थोडं पाझरलं, आणि परत गेलं. बांध राहिला.

दयाराम बोलू लागला. पहिल्या काही दिवसांत तर फारच. पुढच्या रविवारी मंडळीपुढं साक्ष द्यावी, देवानं मागणं ऐकून बांध राखला असं सांगावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं सोनूबाईला विचारलं. ती भाकरी थापत होती.

"सांगा," ती म्हणाली. "पन मंग फोडला कोनी, ते बी सांगावा लागंल."

साक्ष दयारामनं दिली नाही. त्याच्या प्रार्थना मात्र आखूड झाल्या. बायकांचा भात कच्चा राहू लागला.

मंडळीत आमेन पुन्हा सुरू झालं. हिरामणचं आमेन आता सगळ्यांच्या आधी येई, कधीकधी तर मागणं पुरं व्हायच्याही आत. आणि सोनूबाईचं सगळ्यांच्या मागून, एकटं. पोरं हसत. शेवटी एका रविवारी घरी जाताना बांधावर दयारामनं विचारलंच, "तुजा आमेन मागून का गं येतो?"

"तुमी काय मांगलात तो आदी मनात घोलवून बघते," ती म्हणाली, "मंगच म्हनते."

पुढं हिरामण कमळशी काहीतरी बोलत, हसत चालला होता. दयाराम त्याच्याकडं बघत म्हणाला, "तो तर आयकतच न्हाय अजून."

"व्हय," सोनूबाई म्हणाली. त्या दोघांत बरोबर कुणाचं, हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं. तिनं पदर खोचला, वाटेत बांधाला पडलेलं एक खेकड्याचं बीळ टाचेनं बुजवलं आणि ती पुढं चालू लागली.